मध्ययुगातला भूगोल आणि धर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगातले नकाशे पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो: "यांना काहीच माहीत नव्हतं." हे पान त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहिलं आहे. धर्माने भूगोलात चुका घुसडल्या, हे खरंच आहे. पण नमाजाची दिशा, तीर्थाची वाट, क्रुसेडसाठीचा (जेरुसलेमसाठी लढल्या गेलेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांसाठीचा) कर, धर्मप्रसाराचा प्रवास या गरजा नसत्या तर त्या काळातली बरीच मोजणी झालीच नसती, असं माझं ठाम मत आहे. काळ ढोबळमानाने इ.स. सहाव्या ते पंधराव्या शतकाचा धरला आहे. युरोप, अरब जग, भारत आणि पूर्व आशिया असा फेरफटका आहे. सुरुवात सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाने.

मध्ययुगात लोक पृथ्वी सपाट मानत होते ना?

युरोपातले शिकलेले लोक तरी मानत नव्हते. आठव्या शतकातला इंग्रज मठवासी बीड याने स्वच्छ लिहून ठेवलंय की पृथ्वी ढालीसारखी गोल नाही, चेंडूसारखी गोल आहे. तेराव्या शतकात साक्रोबोस्को याने गोलावर लिहिलेलं छोटेखानी पाठ्यपुस्तक पुढे कित्येक शतकं विद्यापीठांत शिकवलं जात होतं. 'कोलंबसाने पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध केलं' ही कथा बरीच अलीकडची. ती लोकांच्या डोक्यात बसली ती अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग याने १८२८ मध्ये लिहिलेल्या रसभरित चरित्रामुळे.

सपाट पृथ्वी मानणारे थोडे लोक होते, आणि त्यांतल्या एकाशी आपला संबंध आहे. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा कॉस्मस हा आधी व्यापारी होता, मग मठात गेला. त्याच्या मते विश्व मोशेने उभारलेल्या पवित्र तंबूच्या आकाराचं होतं: खाली लांबट चौकोनी जमीन आणि वर कमानदार झाकण. त्याचा ग्रंथ ग्रीकमध्ये होता आणि लॅटिन वाचणाऱ्या युरोपात तो फारसा पोहोचलाच नाही. पण याच माणसाने पश्चिम भारतातल्या 'कल्लियाना' बंदराची नोंद केली आहे. तिथे ख्रिस्ती लोक राहतात आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो, असं तो सांगतो. हे बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. विश्वाच्या आकारात तो साफ चुकला. बंदरं, माल आणि माणसं यांबद्दल मात्र इतिहासकार आजही त्याच्याकडे वळतात. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी नांदू शकतात, हे ध्यानात ठेवलं तर पुढची उत्तरं सोपी जातील.

वर्तुळात 'टी' काढलेला तो साधा नकाशा म्हणजे काय?

त्याला टी-ओ नकाशा म्हणतात. बाहेरचं वर्तुळ म्हणजे जगाला वेढणारा महासागर. आतल्या 'टी'ची उभी रेघ म्हणजे भूमध्य समुद्र आणि आडव्या रेघेचे दोन हात म्हणजे डॉन आणि नाईल नद्या. वरच्या अर्ध्या भागात आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका. सेव्हिलचा बिशप इसिडोर (मृत्यू ६३६) याच्या ज्ञानकोशासोबत हा नकाशा युरोपभर गेला. १४७२ मध्ये ऑग्सबर्गला तो छापला गेला, आणि युरोपात छापलेला पहिला नकाशा हाच.

तीन खंडांवर बहुधा नोहाच्या तीन मुलांची नावं असत: आशिया शेमचा, आफ्रिका हामचा, युरोप याफेथचा. महापुरानंतर पृथ्वी या तिघांत वाटली गेली, अशी श्रद्धा होती. म्हणजे हा नकाशा आधी वाटणीपत्र आहे, मग नकाशा. प्रवासाला निघताना कुणी तो हातात धरत नव्हतं. माझ्या मते त्याची खरी हानी वेगळीच झाली: माणसांचे वंश आणि खंड एकमेकांना चिकटवण्याची सवय त्याने लावली, आणि हामच्या वंशजांना शाप असल्याची कथा पुढे आफ्रिकी माणसांच्या गुलामगिरीचं समर्थन करायला वापरली गेली.

पूर्व दिशा वर आणि जेरुसलेम मध्यभागी का?

बायबलनुसार एदेनची बाग, म्हणजे आदम आणि हव्वेचं नंदनवन, पूर्वेला. म्हणून पूर्व वर. जेरुसलेमला राष्ट्रांच्या मध्ये ठेवल्याचं वचन यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे (५:५). पण गंमत अशी की मध्ययुगाच्या सुरुवातीच्या कित्येक नकाशांत जेरुसलेम अगदी मध्यावर नसतं. ते मध्यावर पक्कं बसलं क्रुसेडच्या काळात. १०९९ मध्ये ते शहर ख्रिस्ती सैन्याने घेतलं आणि ११८७ मध्ये गमावलं. हातातून गेलेल्या शहराची ओढ नकाशावर उतरली.

हेरफर्डच्या नकाशाचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण त्यात एका समाजाचं अख्खं डोकं उघडून दाखवलं आहे. इ.स. १३०० च्या आसपास, वासराच्या एकाच कातड्यावर तो काढला गेला. उंची साधारण दीड मीटरहून थोडी जास्त. तो इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये आहे. कोपऱ्यातल्या मजकुरात रिचर्ड ऑफ हाल्डिंगहॅम याचं नाव येतं.

जवळून पाहिलं तर वरच्या टोकाला ज्वाळांनी वेढलेलं एक गोल बेट दिसतं. ते एदेन. खाली आलं की नोहाचं तारू, मग तांबड्या रंगाने खरोखर रंगवलेला तांबडा समुद्र, आणि त्यातून इजिप्तमधून निघालेल्या इस्राएली लोकांची वाट वळणं घेत जाते. मिठाचा खांब झालेली लोटची बायको मागे वळून पाहते आहे. मधोमध जेरुसलेम, तटबंदीच्या गोल चक्रासारखं, आणि त्याच्या बरोबर केंद्रावर कंपासच्या टोकाचं भोक. चित्रकाराने अख्खं जग त्या एका टोकावरून फिरवलं, याचा तो पुरावा. ब्रिटन बेटं खाली डाव्या कडेला दाबून बसवली आहेत. तिथे हेरफर्डचं चिन्ह जवळजवळ पुसलं गेलं आहे, कारण शतकानुशतकं पाहणाऱ्यांनी 'आपण इथे' म्हणत त्यावरच बोट ठेवलं.

नकाशाभोवती, वर्तुळाबाहेर, मृत्यू या अर्थाच्या लॅटिन शब्दाची चार अक्षरं चार बाजूंना आहेत आणि सर्वांत वर अंतिम न्यायाचा प्रसंग. जग कितीही मोठं असलं तरी त्याला मृत्यूने वेढलं आहे, हे नकाशाच सांगतो. युरोप आणि आफ्रिका या नावांची सोन्याच्या अक्षरांत अदलाबदल झाली आहे, ही मात्र सरळ चूक.

आणि एक गोष्ट झाकून ठेवू नये. या नकाशात ज्यू लोक सोन्याच्या वासराची पूजा करताना दाखवले आहेत. इंग्लंडने ज्यूंना देशाबाहेर काढलं ते १२९० मध्ये, म्हणजे नकाशा तयार होण्याच्या जरा आधी. आफ्रिकेच्या कडेला छातीवर तोंड असलेली माणसं आहेत. परक्या माणसाला माणूस न मानणं हेही त्याच भक्तीच्या चौकटीत बसवलं होतं.

असा आणखी एखादा मोठा नकाशा आहे का?

होता. जर्मनीतल्या एब्स्टॉर्फच्या मठातला नकाशा सुमारे साडेतीन मीटर लांब-रुंद, ३० कातडी जोडून केलेला. वर ख्रिस्ताचं मस्तक, दोन बाजूंना हात, तळाशी पाय, म्हणजे जग हेच त्याचं शरीर. १९४३ च्या हॅनोव्हरवरच्या बाँबहल्ल्यात तो जळाला. आता प्रतिकृती उरल्या आहेत.

इस्लामी जगात धर्माने भूगोलाला काय दिलं?

गणित दिलं. नमाज मक्केतल्या काबाकडे तोंड करून पढायचा असतो; तीच किब्ला. मदिनेत राहणाऱ्याला मक्का दक्षिणेला, हे सोपं आहे. पण इस्लाम स्पेनपासून मध्य आशियापर्यंत पसरला, तेव्हा प्रत्येक शहरात प्रश्न उभा राहिला: इथून नेमकं कुठे? समरकंदमध्ये कुणी पश्चिमेकडे तोंड करत, कारण मक्केचा रस्ता शहरातून पश्चिमेला निघायचा. कुणी दक्षिणेकडे, कारण पैगंबरांनी मदिनेत तसं केलं होतं. ज्योतिर्विदांचं उत्तर यांहून निराळंच येई. वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या मशिदी एकाच शहरात उभ्या राहिल्या. (मुंबईहून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येते. त्यामुळे आपल्याकडच्या 'पश्चिमेला' या साध्या नियमाने फार बिघडत नाही.)

दिशा गणिताने काढायची तर दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश हवेत, आणि पृथ्वीच्या गोल पाठीवरचा कोन काढायला गोलीय त्रिकोणमिती हवी. अरबी आणि फारसी विद्वानांनी ही शाखा ज्या जिद्दीने वाढवली, तिच्यामागे ही रोजच्या पाच नमाजांची निकड होती. एकमेव कारण ते नव्हतं, मोठं मात्र नक्की होतं. चौदाव्या शतकात दमास्कसच्या मशिदीत काम करणाऱ्या अल-खलीलीने प्रत्येक अंश अक्षांशासाठी आणि रेखांशासाठी किब्ला देणारी कोष्टकं तयार केली. संगणक नव्हता, हाती कागद आणि बोरू. त्या कोष्टकांतली उत्तरं आजही आश्चर्यकारक अचूक निघतात.

अल-बिरूनीचं (जन्म ९७३) नाव इथे घ्यायलाच हवं. गझनीची किब्ला नेमकी काढण्यासाठी शहरांची स्थानं कशी निश्चित करायची, यावर त्याने १०२५ च्या सुमारास स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज पाकिस्तानातल्या पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची त्याने मोजली, माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं तो कोन मोजला, आणि एवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. वाळवंटात मैलोगणती दोरी ताणत जाण्याची गरज उरली नाही.

याच परंपरेत दुसरं टोकही आहे. दहाव्या शतकातल्या इस्तख्री आणि इब्न हौकल यांच्या नकाशांत प्रदेशवार तपशील आहेत ते मुख्यतः इस्लामी सत्तेखालच्या भूमीचे. मुकद्दसीने तर बिगर-मुस्लीम देश आपण पाहिले नाहीत आणि त्यांचं वर्णन करण्यात अर्थ वाटत नाही, अशा आशयाचं सांगून ते वगळले. धर्माने मोजणीचं कारण दिलं आणि कुठे मोजायचं त्याची सीमाही आखली.

अरबी नकाशे उलटे का दिसतात?

त्यांत बहुधा दक्षिण वर असते. उत्तर वर असण्याचा कसलाही नैसर्गिक नियम नाही. या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध नकाशा अल-इद्रिसीचा, ११५४ चा. तो सिसिलीच्या पालेर्मोत, ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात, मुस्लीम विद्वानाने केला. चांदीच्या मोठ्या तबकडीवर कोरलेला मूळ नकाशा टिकला नाही. ७० भागांत विभागलेला ग्रंथ टिकला.

हजयात्रेमुळे भूगोल वाढला का?

खूप. टँजिअरचा इब्न बतूता १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी हजला म्हणून निघाला आणि पुढे जवळपास तीन दशकं फिरत राहिला. दौलताबाद आणि नंदुरबार त्याच्या वर्णनात आहेत. नंदुरबारच्या मराठ्यांच्या हस्तकौशल्याचं तो कौतुक करतो. त्याच्याही चारशे वर्षं आधी, ९१६ च्या सुमारास, अल-मसूदी चौलला येऊन गेला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुस्लीम राहतात, असं त्याने लिहिलं. रायगड जिल्ह्यातलं आजचं शांत चौल पाहून या आकड्यावर विश्वास बसणं कठीण, पण तेव्हा ते हिंदी महासागरावरचं गजबजलेलं बंदर होतं.

एका हजयात्रेने तर अख्खा देश युरोपच्या नकाशावर आणला. मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये मक्केला जाताना कैरोत थांबला आणि त्याने सोनं अक्षरशः वाटलं. अर्ध्या शतकाने, १३७५ च्या कॅटलन ॲटलासमध्ये, तो सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सिंहासनावर बसलेला दिसतो, डोक्यावर मुकुट, हातात सोन्याचा गोळा. तो ॲटलास मायोर्का बेटावरच्या अब्राहम क्रेस्केस या ज्यू नकाशाकाराचा मानला जातो. मुस्लीम राजाची यात्रा, ज्यू कारागीर, ख्रिस्ती गिऱ्हाईक!

मन्सा मूसा जगातला आजवरचा सर्वांत श्रीमंत माणूस होता, असं म्हणतात. किती संपत्ती?

त्याच्या नावापुढे लावलेले अब्जावधी डॉलरचे आकडे सोडून द्या. त्यांना पाया नाही. मालीच्या खजिन्याचा हिशेब उरलेला नाही, आणि राजाचं सोनं व देशाचं उत्पन्न या वेगळ्या गोष्टी आहेत. देश किती कमावतो हे सांगायला शेती, खाणी, कारागिरी सगळ्यांचं उत्पादन मोजावं लागतं. भारतासाठी असा पहिला प्रयत्न दादाभाई नौरोजींनी केला. १८६७-६८ साठी माणशी वर्षाला २० रुपये हा त्यांचा आकडा, आणि त्यासाठी त्यांना प्रांतवार पिकं, भाव आणि लागवडीखालची जमीन यांचे सरकारी तक्ते हाताशी होते. चौदाव्या शतकातल्या मालीबद्दल यांतलं काहीच आपल्याकडे नाही.

आहे तो एक अप्रत्यक्ष पुरावा, आणि तो अब्जांच्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. अल-उमरी या अधिकाऱ्याने लिहून ठेवलं की मूसा येण्यापूर्वी कैरोत सोन्याच्या एका मिस्कालला (वजनाचं माप) २५ दिरहमच्या (चांदीची नाणी) खाली भाव जात नसे. तो येऊन गेल्यावर भाव उतरला, आणि बारा वर्षं झाली तरी २२ च्या वर चढला नाही. एका यात्रेकरूच्या दानधर्माने एका महानगरातला सोन्याचा भाव दशकभर दाबून धरला. संपत्तीचं एवढं बोलकं मोजमाप त्या काळात क्वचितच मिळतं.

धर्मामुळे संपत्तीची पद्धतशीर मोजदाद कुठे झाली का?

झाली, आणि क्रुसेडसाठीच झाली. ११८७ मध्ये जेरुसलेम गेलं. लगेच ११८८ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समध्ये 'सलादिनचा दशांश' (जेरुसलेम जिंकणाऱ्या मुस्लीम सुलतानाच्या नावाचा कर) बसवला गेला: उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा दहावा हिस्सा. स्वतः क्रुसेडला जाणाऱ्याला तो माफ. पुढे १२९१-९२ मध्ये पोप चौथा निकोलस याच्या आदेशाने इंग्लंड आणि वेल्समधल्या चर्चच्या उत्पन्नाचं गावोगाव मूल्यांकन झालं. ते इतकं तपशीलवार होतं की चर्चवरचा कर पुढे १५३५ पर्यंत त्याच आकड्यांवर घेतला जात होता. कुठला चर्चविभाग कुठे आणि त्याची कमाई किती, हे त्यातून कळतं. आज मध्ययुगीन इंग्लंडचा आर्थिक भूगोल मांडणाऱ्यांना या करवसुलीच्या कागदांवाचून चालत नाही.

आपल्याकडे पुराणातला भूगोल होता. मग भास्कराचार्यांनी काय केलं?

आधी पुराणातला नकाशा. मध्यभागी सोन्याचा मेरू पर्वत, त्याभोवती एक लाख योजनं (योजन हे अंतराचं जुनं माप) व्यासाचं जंबुद्वीप, त्याभोवती खारा समुद्र. मग एकाभोवती एक अशी आणखी सहा द्वीपं आणि ऊसरस, मद्य, तूप, दही, दूध व गोड्या पाण्याचे समुद्र. जैन ग्रंथांतही जंबुद्वीप आणि मेरू आहेत, शिवाय दोन सूर्य आणि दोन चंद्र.

ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांतली पृथ्वी मात्र अंतराळात निराधार असलेला गोल. आर्यभटाने (४९९) तो स्वतःभोवती फिरतो असंही म्हटलं. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'तल्या गोलाध्यायात पुराणमताला थेट प्रश्न विचारले आहेत. मेरूआड सूर्य गेल्यामुळे रात्र होत असेल, तर मधला तो सोन्याचा मेरू आपल्याला दिसत का नाही? मेरू उत्तरेला, तर वर्षातले काही महिने सूर्य दक्षिणेकडे सरकून कसा उगवतो? पृथ्वी सपाट का भासते, याचं उत्तरही त्यांनी दिलं: परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, आणि त्यापुढे माणसाची नजर इवलीशी आहे.

मोजमापही आहे. विषुववृत्तावरून उज्जैन परिघाच्या सोळाव्या भागावर येतं, म्हणजे अक्षांश साडेबावीस. (आज आपण २३ च्या जरा वर सांगतो.) दोन ठिकाणांमधलं अंतर योजनांत मोजायचं, अक्षांशांतला फरक काढायचा आणि त्रैराशिकाने परीघ ठरवायचा. त्यांचा परीघ ४,९६७ योजनं.

पण त्यांनी पुराणं फेकून दिली नाहीत, आणि मला त्यांचा हाच भाग सर्वांत जास्त विचार करायला लावतो. मेरू उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवला, जंबुद्वीप म्हणजे उत्तर गोलार्ध, आणि दुधा-तुपाचे समुद्र व उरलेली सहा द्वीपं दक्षिण गोलार्धात. श्रोत्यांच्या श्रद्धेला गोलावर जागा करून दिली. कुणी याला तडजोड म्हणेल. माझ्या मते शिकवणाऱ्या माणसाला समाजात राहून खरं सांगायचं असेल तर एवढं करावं लागतं, आणि गणितात त्यांनी तसूभरही माघार घेतलेली नाही.

त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

हा जुना भूगोल आज कुठे शिल्लक आहे?

तुमच्या घरी. सत्यनारायणाला पाटावर बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात तो नीट ऐका: भरतवर्षे, भरतखंडे, जंबुद्वीपे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे... मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी, आणि शेवटी यजमानाचं गोत्र आणि नाव. विश्वापासून सुरू करून नदीच्या काठापर्यंत आणि युगापासून आजच्या दिवसापर्यंत यजमानाचा पत्ता लावला जातो. गोदावरीच्या उत्तरेला राहणाऱ्यांसाठी 'उत्तरे तीरे' असा बदल होतो. म्हणजे नदी कुठे आणि आपण कुठे, याचं भान पुरोहिताला ठेवावंच लागतं. अमेरिकेत तर काही पुरोहित जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीप म्हणतात: नव्या खंडासाठी सात द्वीपांपैकी एक हुडकून काढलं गेलं. ही व्यवस्था अजून चालू आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं?

मराठीत मध्ययुगीन भूगोलाचा ग्रंथ आहे का?

महानुभावांची 'स्थानपोथी'. माझ्या दृष्टीने या पानावरचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित ग्रंथ. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर पायी फिरले. ते कुठे थांबले, कुठे बसले, कुठे निजले, कुठे जेवले, या जागा अनुयायांसाठी वंदनीय झाल्या. त्या कायम सापडाव्यात म्हणून चौदाव्या शतकात त्यांची गाववार नोंद झाली: देऊळ गावाच्या कुठल्या बाजूला, त्याचं दार कुठल्या दिशेला, दारापासून ती जागा कुठल्या हाताला. वाचताना जमीन पाहणाऱ्या माणसाची नजर जाणवते. विश्वाचा आकार काय, या भानगडीत तो ग्रंथ पडत नाही. तो एखाद्या गावातल्या पडवीची दिशा सांगतो.

आजही महानुभाव भाविक अशा जागांवर बांधलेल्या ओट्यांना नमस्कार करत फिरतात. रिद्धपूर, पैठण आणि गोदाकाठची कित्येक गावं त्या वाटेवर आहेत. यादवकाळातली गावं, देवळं आणि वाटा शोधणाऱ्यांसाठी तर ही पोथी खाणच आहे. भक्तीने, फक्त भक्तीने, महाराष्ट्राची एवढी बारीक पाहणी करून घेतली.

बौद्ध यात्रेकरूंचं काय?

ह्युएन त्सांग ६२९ मध्ये धर्मग्रंथांच्या शोधात चीनमधून निघाला आणि ६४५ मध्ये परतला. सम्राटाला हव्या होत्या मध्य आशियातल्या राज्यांच्या बातम्या, म्हणून ६४६ मध्ये प्रवासवर्णन तयार झालं. त्यात 'मो-हो-ला-छा' म्हणजे महाराष्ट्र आहे, घेर ६,००० ली (अंतराचं चिनी माप), राजा पुलकेशी. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं तो म्हणतो. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचं वर्णन बहुधा अजिंठ्याचं. त्याच्या मार्गावरून जपानमध्ये १३६४ साली भारताचा नकाशा काढला गेला, वर रुंद आणि खाली निमुळता. तो होर्युजी मंदिरात आहे. तो निमुळता आकार बौद्ध ग्रंथांतल्या जंबुद्वीपाचा, पण भारताला तो बऱ्यापैकी जुळतो.

प्रेस्टर जॉन कोण?

कुणीच नाही. पूर्वेकडे एक बलाढ्य ख्रिस्ती राजा आहे आणि तो मुस्लिमांविरुद्ध मदतीला येईल, अशी क्रुसेडच्या काळातली आशा. ११६५ च्या सुमारास त्याच्या नावाचं एक बनावट पत्र युरोपभर फिरलं. आशियात तो सापडेना, तेव्हा नकाशांवर तो हळूहळू आफ्रिकेत सरकला. त्याला इथिओपियात ठेवणाऱ्या पहिल्या काही लेखकांत जॉर्डनस हा डॉमिनिकन पंथाचा ख्रिस्ती धर्मप्रसारक होता. हा कोकणात येऊन राहिलेला. त्याच्यासोबत आलेल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या चार साधूंना १३२१ मध्ये ठाण्यात ठार मारण्यात आलं. आणि पंधराव्या शतकात पोर्तुगीज आफ्रिकेभोवती निघाले, तेव्हा मिऱ्यांइतकाच त्यांना या राजाचाही शोध होता. नसलेल्या माणसाने खरी जहाजं हलवली.

चर्चने भूगोलाची वाट अडवली का?

काही ठिकाणी, हो. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला माणसं राहतात का, हा वाद त्यात मुख्य. संत ऑगस्टिनने हे नाकारलं. तिथे आदमचे वंशज समुद्र ओलांडून पोहोचणं त्याला अशक्य वाटलं. ७४८ मध्ये साल्झबर्गचा व्हर्जिल असं काही शिकवतो म्हणून पोप झकारियासने त्याविरुद्ध पत्र लिहिलं. मात्र हाच व्हर्जिल पुढे बिशप झाला आणि नंतर संतही ठरला.

उलट बाजूचं उदाहरण: प्राचीन ग्रीक विद्वान टॉलेमीचा भूगोलग्रंथ पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये लॅटिनमध्ये आला. त्याच्या प्रसाराला १४१४-१८ च्या कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने हातभार लावला, कारण ग्रंथवेडे कार्डिनल आणि बिशप तिथे एकत्र जमले होते. कोलंबसाने समासात टिपणं करून चाळलेला भूगोलग्रंथही पिएर दाय्यी या कार्डिनलचाच.

जेरुसलेम नकाशाच्या मध्यावरून कधी हललं?

एका मठवाशानेच हलवलं. व्हेनिसजवळच्या मुरानोच्या मठातल्या फ्रा माउरोने १४५० च्या सुमारास जगाचा नकाशा केला. पूर्वेकडे आशिया एवढा लांब पसरला आहे हे प्रवाशांकडून कळल्यावर जेरुसलेम मध्यावर बसेना. त्याने ते बाजूला घेतलं आणि नकाशावरच खुलासा लिहिला: अंतराने नसलं तरी लोकवस्ती धरली तर ते मध्यच आहे. एदेनची बाग त्याने जगातून काढून चौकटीच्या कोपऱ्यात ठेवली. प्रत्यक्षात पाहिलेलं आणि मानलेलं यांत जुळेना, तेव्हा काय करायचं हा प्रश्न त्याने मोठ्या प्रामाणिकपणे सोडवला. कोलंबसाला तेवढं जमलं नाही. १४९८ मध्ये ओरिनोको नदीच्या मुखाशी गोड्या पाण्याचा लोंढा पाहून त्याला वाटलं, आपण एदेनजवळ आलो.

हे सगळं प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

हेरफर्डचा नकाशा तिथल्या कॅथेड्रलमध्ये, कॅटलन ॲटलास पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, फ्रा माउरोचा नकाशा व्हेनिसमध्ये, इद्रिसीच्या हस्तलिखितांपैकी काही पॅरिस आणि ऑक्सफर्डला. यांपैकी बहुतेकांची मोठी छायाचित्रं त्या-त्या संस्थांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात. हेरफर्डचा नकाशा तर घरबसल्या जवळून पाहता येतो. महाराष्ट्रात पाटणादेवीचा परिसर (चांगदेवांच्या मठाचं पाटण) चाळीसगावहून जवळ आहे, आणि रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात. 'स्थानपोथी'ची वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत जुन्या ग्रंथालयांत विचारा. मिळाली तर आपल्या तालुक्यातल्या गावांची नावं आधी शोधा.